एक सेंटिमीटर कमी

९ जानेवारी

वही समुपदेशक बाईंनी दिली आहे. आमच्या केंद्रात पाय गेलेली माणसं येतात, आम्ही कारागीर त्यांना पाय करून देतो आणि बाई त्यांच्या मनाकडे बघतात. आता त्यांनी आमच्याही मनाकडे बघायचं ठरवलंय. रोज घरी गेल्यावर ‘आज काय बरं झालं’ ते लिहायचं, म्हणजे म्हणे महिन्याभरात माणूस समाधानी होतो. वही कुणीही वाचणार नाही असं त्यांनी वचन दिलंय, म्हणून लिहितेय. दिवसभर प्लास्टरमध्ये हात घातल्यावर पेन धरायची कुणाला हौस आहे!

तर आज काय बरं झालं? आज गुण्याकाकांनी माझ्यापुढे हात टेकले.

गुण्याकाका आमच्यात सगळ्यांत जुने. सुतार काटकोन बघायला गुण्या लावतात, तसे हे नुसत्या नजरेने वाकडंतिकडं पकडतात, म्हणून हे नाव पडलं. तोंडावर आम्ही काकाच म्हणतो. त्यांचा एक नियम आहे, कुठे लिहिलेला नाही पण सगळे पाळतात: घरच्या माणसाचा पाय घरच्याने करायचा नाही. मी पंधरा दिवस त्यांच्या मागे भुणभुण लावली होती. आज म्हणाले, “कर बाई, कर. तुझ्यापुढे कोण बोलणार?”

आमच्या पोस्टमनचा पाय मी करणार. पोस्टमन म्हणजे माझा नवरा. बावीस वर्षं एकच फेरी, सगळी जुनी, बिनलिफ्टची घरं. सप्टेंबरात रिव्हर्स येणाऱ्या ट्रकखाली डावं पाऊल सापडलं. गुडघ्याखाली एक वीतभर ठेवून बाकीचा पाय काढावा लागला. पण गुडघा वाचला, आणि आमच्या धंद्यात गुडघा म्हणजे सर्वस्व. गुडघा असलेला माणूस जिने चढतो. गुडघा गेला की प्रत्येक पावलाला नव्याने कष्ट.

ऑफिसने त्याची फेरी मार्चअखेरपर्यंत राखून ठेवली आहे. त्यानंतर ती दुसऱ्याला देतील आणि त्याला टेबलावर बसवतील. मी हे होऊ देणार नाही.

१२ जानेवारी

आज साचा घेतला. उरलेल्या पायाला आम्ही स्टंप म्हणतो. त्यावर ओली प्लास्टरची पट्टी गुंडाळायची आणि ती सुकेपर्यंत गुडघ्याच्या वाटीखाली दोन्ही अंगठे दाबून धरायचे. त्या वेळात मी एरवी पेशंटशी गप्पा मारते. गेलेल्या पायाचा हिशेब सोडा, उरलेल्याचा मांडा, हे माझं ठरलेलं भाषण तेव्हाच होतं. आज ते भाषण झालं नाही.

तो छताकडे बघत पडला होता. म्हणाला, “कारागीर, हात गार आहेत तुझे.” लग्नानंतर महिन्याभरात मला हे नाव पडलं, ते अजून चालू आहे.

काका येऊन साचा बघून गेले. “झकास,” म्हणाले. “लांबी नेहमीसारखी एक सेंटिमीटर कमी ठेव.”

हे आम्ही प्रत्येकाच्या बाबतीत करतो. नकली पाऊल घोट्यात वर उचललं जात नाही. लांबी बरोबर ठेवली तर चालताना पंजा जमिनीला अडतो आणि माणूस ठेचकाळतो. सेंटिमीटरभर कमी असला की पाय सहज पुढे येतो. थोडी लचक दिसते, ती दिसू द्यायची.

मी हो म्हटलं. पण तो सेंटिमीटर सोडला नाही. चांगल्या पायाइतकाच पाय केला, मिलिमीटरचा फरक नाही. ते कमी ठेवायचं असतं म्हाताऱ्याकोताऱ्यांसाठी, घरात दोन पावलं टाकणाऱ्यांसाठी. हा बावीस वर्षं जिने चढलेला माणूस आहे. गुडघा उचलायला त्याला कुणी शिकवायला नको.

२० जानेवारी

पाय झाला. आजवर केलेला सगळ्यांत सुंदर. रंगसुद्धा चार वेळा मिसळून त्याच्या कातडीला लावून बघितला होता.

कागदात गुंडाळून घरी घेऊन आले, तो केंद्रावर येईपर्यंत धीर नव्हता. तीन जाड मोजे स्टंपवर चढवले, पाय घातला, त्याला उभं केलं. कंबरेची दोन्ही हाडं एका रेषेत. पँट खाली सोडली, बूट घातले. मग मी दाराबाहेर जाऊन पुन्हा आत आले, जणू कुणी परकी बाई आत येतेय आणि समोर एक पुरुष उभा आहे. दोनदा केलं. दोन्ही वेळा काहीच कळलं नाही!

“कसा वाटतोय?”

तो माझ्याकडे बघत राहिला, पायाकडे नाही. मग म्हणाला, “छान आहे.”

काका फोनवर म्हणाले, उद्या आणून दाखव. मी म्हटलं, काका, तुमच्याकडे आधीच दहा पायांचं काम आहे, त्यात हा कशाला. ते बरं म्हणाले.

२९ जानेवारी

आज काहीही बरं झालेलं नाही.

तो पाय बाहेरून फिरवून टाकतो. सरळ पुढे आणायचा सोडून अर्धगोल काढतो, दाराच्या चौकटीला आपटतो. पन्नास वेळा सांगितलं, गुडघा उचल, गुडघा उचल. दोनदा पडता पडता वाचला. हे मी पेशंटमध्ये रोज बघते, हे आळसाने होतं. पाय गेला की माणूस आतून बसतो आणि मग उठायचं नाव घेत नाही. आपल्या घरी हे होईल असं मात्र वाटलं नव्हतं.

“अर्धा तास सकाळी, अर्धा तास संध्याकाळी. मी तक्ता करून भिंतीवर लावते,” म्हटलं.

“लाव,” तो म्हणाला.

लावलाय. रोज बरोबरच्या खुणा असतात. पण चाल काही सुधारत नाही.

४ फेब्रुवारी

आज शिंपीणबाईंचा पाय दिला. साठीच्या आहेत. चार पावलं टाकली, मागे वळल्या, “जरा आखूड आहे का गं हा?”

मी म्हटलं, मुद्दाम ठेवलाय, सवय होईल.

“अगं, मी तक्रार करत नाहीये. मला कुठे शर्यतीत पळायचंय? मशीनच्या पायट्यावर पडला की झालं.” खुर्चीवर बसून टाच वर, पंजा खाली असं करून बघितलं आणि खुदकन हसल्या. मग अचानक म्हणाल्या, “तुझा नवरा कसा आहे?”

“होईल बरा.”

“म्हणजे आत्ता नाहीये?”

मी मोजे बांधून देण्यात गुंतले. काही पेशंट अघळपघळ असतात. पुढे त्या मला माझंच भाषण ऐकवायला लागल्या, उरलेल्याचा हिशेब मांडावा वगैरे. मी म्हटलं, हो हो.

११ फेब्रुवारी

घरी आले तर आमच्या बैठकीच्या खोलीत चार माणसं. एक आजोबा पेन्शनचा अर्ज घेऊन, एक मुलगी परीक्षेचा फॉर्म घेऊन, वरच्या मजल्यावरचं जोडपं कशासाठी आलं होतं तेही आठवत नव्हतं त्यांना, नुसतं बसलं होतं. पोस्टमन मध्ये खुर्चीत, पाय काढून बाजूला भिंतीला टेकवलेला, मांडीवर ताटली, मटार सोलत सगळ्यांना एकेक करून मार्गी लावत होता.

सगळे गेल्यावर म्हणाला, “मजा आहे बघ. इतकी वर्षं मी लोकांच्या दारात जायचो, आता लोक माझ्या दारात येतात. एकही जिना चढावा लागत नाही.”

“आणि पाय?”

“घातला होता दुपारी.”

“किती वेळ?”

“असेल तासभर.”

मग माझं डोकं फिरलं. म्हटलं, मटार सोलण्यात आयुष्य काढायचंय का? मार्च तोंडावर आला, तुला लाज कशी वाटत नाही? पुढचंही बोलले, ते लिहीत नाही. तो सोलत राहिला. शेवटी म्हणाला, “मी बरा आहे गं.” हे वाक्य मला सगळ्यांत जास्त झोंबलं. बरा नाहीये तो. हार मानलेली माणसं अशीच गोड हसतात, वीस वर्षांत ढिगाने बघितली आहेत.

मोजेसुद्धा नीट वापरत नाही. तीन चढवायचे असतात, धुवायला रोज एकच निघतो. इतका कंटाळा!

१९ फेब्रुवारी

त्याच्या ऑफिसातला जोडीदार सहज डोकावला. चहा घेताना म्हणाला, “वहिनी, टेबलावर कधी पाठवताय याला? पत्र देऊन महिना झाला की.”

कसलं पत्र? फेरी सोडतो असं पत्र. बावीस जानेवारीला दिलेलं. मी पाय आणून दिला त्यानंतर दोनच दिवसांनी!

जोडीदाराने उरलेला चहा घाईघाईने संपवला आणि काढता पाय घेतला. मी पोस्टमनला विचारलं, तक्त्यावर कुणासाठी खुणा करत होतास?

“तुझ्यासाठी,” म्हणाला.

२० फेब्रुवारी

बोलणं बंद आहे. माझ्याकडून.

२६ फेब्रुवारी

केंद्रातली भट्टी बिघडली म्हणून दुपारीच घरी आले. तो बाथरूममध्ये स्टुलावर बसून नळाखाली मोजा चोळत होता. बादलीतलं पाणी गुलाबी होतं.

मी त्याचा स्टंप उघडा करून बघितला. महिनाभरात बघितला नव्हता. मी, जी रोज पंधरा जणांचे बघते. आधी तो म्हणायचा मी करतो, मग बोलणंच बंद. नडगीच्या टोकाला रुपयाएवढी जखम, कडा काळसर, आणि वास. तो वास मला माहीत आहे.

“किती दिवस?”

“असेल तीन आठवडे.”

टॅक्सीने हॉस्पिटल. भरती केलं. आता तिथूनच आले आहे, त्याचे कपडे न्यायला.

२८ फेब्रुवारी

डॉक्टर सरळ बोलणारे आहेत. जंतू हाडापर्यंत गेले नसतील तर दहा दिवसांच्या इंजेक्शनांनी आवरेल. गेले असतील तर गुडघ्याच्या वर कापावं लागेल. नऊ तारखेला कळेल.

संध्याकाळी काका केंद्रावर पाय मागायला आले. मी दिला. त्यांनी तो बाकावर उभा करून टेप लावली, मग आमच्या जुन्या कागदावरचं चांगल्या पायाचं माप बघितलं. पुन्हा टेप लावली. दुसऱ्यांदा मोजायची त्यांना कधीच गरज पडत नाही.

“पोरी, किती सोडलंस?”

“काही नाही.”

ते चष्मा पुसत राहिले. “तो मोजे काढत होता का?”

तेव्हा मला समजलं. एकच मोजा, तीन नाहीत. मोजे कमी केले की स्टंप पायात खोल उतरतो, आणि पाय तेवढा आखूड होतो. पंजा अडत होता म्हणून तो स्वतःच खाली उतरत गेला. हाडाचं टोक तळाला टेकेपर्यंत. आणि मी त्याला आळशी म्हणत होते.

काका म्हणाले, “चूक माझीपण आहे. तू केलाय म्हणून मी मोजला नाही.” म्हातारा रडेल की काय असं वाटलं. मी त्यांना पाणी दिलं.

३ मार्च

काही लिहिण्यासारखं नाही. इंजेक्शनं चालू. तो बाजूच्या खाटेवरच्या माणसाला पत्ते शिकवतोय.

६ मार्च

आज त्याला विचारलं. वॉर्डात भेटीची वेळ, आजूबाजूला सगळ्यांची माणसं, डबे, मुलं. त्या गोंगाटात विचारणं सोपं गेलं.

“पाय लांब आहे हे तुला कधी कळलं?”

“दुसऱ्या दिवशी. बावीस वर्षं पायऱ्या मोजल्यात मी.”

“मग बोलला का नाहीस?”

त्याने चादरीची कड दुमडली. “तू पाय घेऊन घरात आलीस तेव्हा तुझं तोंड बघितलं मी. तसं तोंड लग्नाच्या दिवशीसुद्धा नव्हतं. म्हटलं, एक सेंटिमीटरच तर आहे, सांभाळून घेऊ.”

“आणि फेरी?”

“फेरी मला नकोच होती गं. अपघातानंतर पहिल्या महिन्यातच नको झाली होती. इथे पडल्या पडल्या कळलं की आपण किती दमलो होतो. पण तू ती वाचवायला निघाली होतीस, मग कसं सांगू?”

मला इतका राग आला की उभी राहिले. म्हटलं, “तुझ्या या समाधानाने तुझा गुडघा चाललाय! दुखतं तेव्हा दुखतं म्हणायचं असतं. हसत बसण्याला समाधान म्हणत नाहीत.” शेजारच्या खाटेवरचे पत्तेवाले गृहस्थ भिंतीकडे वळले.

तो म्हणाला, “बरोबर आहे तुझं.” मग म्हणाला, “आता तू सांग. तू का नाही सोडलंस? तुला तर पक्कं माहीत होतं.”

मी म्हटलं, तुझा गुडघा चांगला आहे म्हणून, तू चालणारा आहेस म्हणून. तो ऐकत होता. तिसरं कारण सांगताना मलाच ते खोटं वाटलं आणि मी थांबले.

इथे खरं लिहिते, कुणी वाचणार नाही म्हणून. मला तो लंगडताना दिसायला नको होता. त्याच्यासाठी नव्हे, माझ्यासाठी. रस्त्याने बरोबर जाताना लोकांनी आधी त्याच्या पायाकडे आणि मग माझ्याकडे बघावं, हे मला नको होतं. वीस वर्षं मी लोकांना सांगतेय की लचक दिसली तर दिसू द्या. एकालाही मनापासून सांगितलं नव्हतं बहुतेक. त्यांची लचक माझी नव्हती म्हणून सांगणं जमत होतं.

हे लिहून झाल्यावर वाटलं, वहीत लिहून काय उपयोग. उद्या त्याला सांगायचं.

७ मार्च

सांगितलं. सगळं, जसं आहे तसं. तो हसला नाही, याचं बरं वाटलं. “वाईट वाटलं मला,” म्हणाला. इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. मग भेटीची वेळ संपेपर्यंत आम्ही दोघं तिथेच बसून राहिलो.

९ मार्च

हाड स्वच्छ आहे. गुडघा राहिला.

जिन्यात बसून रडले. एक आया येऊन विचारून गेली, बाई, कोण गेलं? मी म्हटलं, कुणी नाही, कुणीच नाही.

२ एप्रिल

जखम भरतेय. अजून महिनाभर पाय लावायचा नाही. तो कुबड्यांवर ऑफिसला जातो, टेबलावर बसतो. पहिल्या दिवशी आल्या आल्या म्हणाला, “खुर्ची फार कडक आहे. आणि साहेब फार बोलतो. आणि काखा दुखतायत.” एका दमात तीन तक्रारी. मी म्हटलं, अजून? तो विचार करून म्हणाला, “चहा पाणचट.” अतिरेक करतोय, पण करू दे.

समुपदेशक बाईंनी विचारलं, वही चालू आहे का? म्हटलं, आहे, पण ‘काय बरं झालं’ ते फारसं नाही लिहिलेलं. मग काय लिहिलंय? मी म्हटलं, बाई, तुम्ही वचन दिलंय. त्या हसल्या, पुढे विचारलं नाही.

२३ एप्रिल

काकांनी साचा घेतला. मी खोलीबाहेर बाकावर, पेशंटच्या घरच्या माणसांबरोबर. आम्ही आत काम करतो तेव्हा बाहेर ही माणसं काय करतात याचा कधी विचारच केला नव्हता. काही करत नाहीत. दाराकडे बघतात.

१४ मे

काकांचा पाय मिळून चार दिवस झाले. एक सेंटिमीटर कमी. रंग जरा फिका लागलाय, मी बोलले नाही.

आज पहिल्यांदा बाहेर पडलो, बाजारच्या रस्त्यापर्यंत. तो लचकतो. दिसतं. चपलांच्या दुकानातल्या दोन बायकांनी आधी त्याच्या पायाकडे बघितलं आणि मग माझ्याकडे, अगदी मला वाटलं होतं तसंच. माझे कान तापले. झालं नाही असं लिहिणार नाही. चालत राहिले.

घड्याळवाल्याच्या दुकानासमोर तो थांबला.

“दुखतंय.”

भर बाजार, संध्याकाळची गर्दी. माझ्या तोंडाशी आलं होतं, घरी जाऊन बघू, पाचच मिनिटं. त्याला ते कळलं असावं. जुन्या सवयीने तो ‘चालेल’ म्हणणार असं मला वाटलं.

“आत्ता बघ,” तो म्हणाला.

दुकानाच्या पायरीवर त्याला बसवलं आणि मी समोर फरशीवर बसले. पँट गुडघ्याच्या वर सरकवली, पाय काढला, काखेत धरला. लोक आमच्या बाजूने वाट काढून जात होते. एक लहान मुलगी उभी राहून बघायला लागली, तिच्या आईने तिला ओढलं, मी म्हटलं, बघू दे तिला. मोज्याला आतून घडी पडली होती. कातडीवर लाल रेघ, अजून काही नाही. मोजा सरळ केला, बोटं फिरवून पुन्हा बघितलं, पाय चढवला.

“आता?”

माझ्या खांद्यावर हात ठेवून तो उभा राहिला, एक पाऊल टाकलं, थांबला. खरंच दुखतंय का, हे जरा वेळ शोधून बघत होता.

“अजून टोचतंय,” म्हणाला. “आतल्या बाजूला.”

मी पुन्हा खाली बसले आणि पाय काढला.